सोळाशेचा दम आणि एकवीस किलोमीटरचा हिशेब

बीड जिल्ह्यात पहाटे पळणाऱ्या पोराला ‘टायमिंग किती?’ असं विचारलं, तर तो अंतर सांगत नाही. थेट आकडा सांगतो: पाच-वीस, पाच-दहा. अंतर दोघांनाही ठाऊक असतं, सोळाशे मीटर. माजलगाव तालुक्यातलं दिंद्रुड घ्या किंवा आसपासचं कुठलंही गाव, उजाडायच्या आत रस्त्यावर दिसणारी बहुतेक मुलं पोलीस भरतीची नाहीतर सैन्याची तयारी करत असतात आणि दोन्हीकडे घड्याळ याच अंतराला लागतं. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या पन्नास गुणांच्या मैदानी चाचणीत २० गुण एकट्या १६०० मीटरला आहेत. पाच मिनिटं दहा सेकंदांत आलात तर वीसपैकी वीस. मुलींना ८०० मीटर असतं आणि पूर्ण गुणांसाठी दोन मिनिटं पन्नास सेकंदांत यावं लागतं. लांबचं पळायचं म्हणजे काय, याची या भागातली कल्पना या आकड्यांनी घडवली आहे.

यात वाईट काही नाही. पण भरतीत निवड झाली किंवा वय उलटून गेलं, तरी पळायची सवय सुटत नाही. कोणी पुण्यात नोकरीला लागतो, कोणी मुंबईत, आणि तिथे ऑफिसातलं कोणीतरी हाफ मॅरेथॉनचा फॉर्म भरायला लावतं. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, ‘अपेक्षित वेळ’. तिथे काय लिहायचं, हा या लेखाचा विषय. वरकरणी तो किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात स्पर्धा चांगली होणार की शेवटचे सात किलोमीटर चालत जाणार, हे पुष्कळदा तो रकाना भरतानाच ठरलेलं असतं.

सोळाशेवाला पहिल्यांदा काय करतो? गुणाकार. पाच-दहाला सोळाशे म्हणजे किलोमीटरला सुमारे ३ मिनिटं १४ सेकंद. या वेगाने हाफ मॅरेथॉनचे २१.०९७५ किलोमीटर काढले तर एक तास आठ मिनिटं होतात. इतकं कोणी खरं मानत नाही, म्हणून तो मनानेच थोडं वाढवतो आणि ‘दीड तास’ लिहितो. हा दीड तास कुठून आला, ते त्यालाही सांगता येत नाही. सोळाशेच्या गणिताने तो आला नाही, आणि एकवीस किलोमीटरच्या अनुभवाने यावा तर तो अनुभवच नाही.

पाच मिनिटांच्या धावण्यात शरीराला उसनवारी करता येते. लागणारा सगळा प्राणवायू त्या त्या क्षणी मिळाला नाही तरी स्नायू काही काळ काम उरकून घेतात आणि फेड रेषा ओलांडल्यावर, गुडघ्यांवर हात टेकून, धापा टाकत होते. दोन तासांच्या धावण्यात ही सवलत नाही. तिथे वेग असा हवा की स्नायूंत साचणारं तेवढ्याच गतीने निपटत राहील. त्याच्या जरा वर गेलात तरी पहिल्या अर्ध्या तासात काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पूर्ण मॅरेथॉनला यात साखरेच्या साठ्याची भर पडते. धावायला साधारणपणे दर किलो वजनाला, दर किलोमीटरला एक किलोकॅलरी लागते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी अडीच हजारांवर लागतील. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर मिळून साधारण दोन हजारांच्या आसपास असते. बाकीची चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्या-प्यायलेल्यातून यायची. वेग जितका जास्त, तितका साखरेवरचा भार जास्त आणि साठा तितका लवकर संपणार. तिशीतल्या किलोमीटरांत माणसं अचानक थांबतात, त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

तेव्हा एका अंतरावरच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराचा अंदाज बांधायला साधा गुणाकार चालत नाही, हे उघड आहे. मग काय चालतं? याचं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं उत्तर पीट रीगल या अमेरिकन अभियंत्याने १९७७ मध्ये मांडलं. अंतर जितक्या पट वाढतं, त्या पटीचा १.०६ हा घात घ्यायचा आणि आधीच्या वेळेला गुणायचं. अंतर दुप्पट झालं तर वेळ दुप्पट होत नाही, सुमारे २.०८५ पट होते. दहा किलोमीटरला एक तास लागत असेल, तर हाफ मॅरेथॉनला २ तास १२ मिनिटं आणि पूर्ण मॅरेथॉनला ४ तास ३६ मिनिटं. आज मोबाइलवरचे बहुतेक ‘रेस प्रेडिक्टर’ हे सूत्र किंवा त्याची सुधारलेली आवृत्ती वापरतात. प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांचे तक्ते वेगळ्या वाटेने, प्राणवायूच्या वापरावरून येतात, पण निष्कर्ष फार दूर जात नाहीत.

सूत्र चांगलं आहे. पण रीगलनेच त्याची हद्द आखून दिली होती, ती सहसा कोणी वाचत नाही. साडेतीन मिनिटांपासून २३० मिनिटांपर्यंतच्या धावण्याला ते लागू. २३० मिनिटं म्हणजे ३ तास ५० मिनिटं. आपल्याकडे हौसेने पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्यांतले पुष्कळजण चार-पाच तास घेतात, म्हणजे ज्यांना अंदाजाची सर्वांत जास्त गरज, तेच सूत्राच्या हद्दीबाहेर. शिवाय ते चांगल्या धावपटूंच्या वेळांवर बेतलेलं आहे. लांबच्या अंतराची तयारी झालेली आहे, असं ते गृहीत धरतं. २०१६ मध्ये अँड्र्यू विकर्स आणि एमिली व्हर्टोसिक यांनी हौशी धावकांच्या वेळा तपासल्या. त्यात मॅरेथॉनसाठी रीगलचं सूत्र जवळपास निम्म्या धावकांना दहा मिनिटांनी किंवा त्याहून जास्त आशावादी ठरलं. त्यांनी अंदाजात आणखी एक गोष्ट घातली, आठवड्याला किती किलोमीटर पळता? माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे, आणि मोबाइलवरची यंत्रं तो क्वचितच विचारतात.

आता आपल्या पाच-दहावाल्याला या सूत्रात घाला. १६०० मीटरवरून हाफ मॅरेथॉन, उत्तर येतं १ तास १९ मिनिटं. पाच मिनिटांचं धावणं सूत्राच्या हद्दीत बसतं, तरी हे उत्तर त्याच्यासाठी निरुपयोगी आहे. तो आठवडाभर सोळाशेच्या फेऱ्या, शंभर मीटरच्या धावा आणि गोळाफेक करतो. एका दमात सात-आठ किलोमीटरच्या पुढे तो कदाचित कधी गेलेलाच नसतो. सूत्राला त्याचा वेग कळतो, त्याचे पाय कुठवर गेलेत ते कळत नाही. जवळच्या अंतरावरून जवळच्या अंतराचा अंदाज घ्यावा: पाचावरून दहाचा, दहावरून एकविसाचा, एकविसावरून बेचाळिसाचा. सोळाशेवरून एकविसावर उडी मारू नये.

‘यासो ८००’ नावाचं एक प्रकरण शहरातल्या धावकांत फार लोकप्रिय आहे. बार्ट यासो यांच्या सवयीवरून १९९४ मध्ये अँबी बरफूट यांनी ते लिहून प्रसिद्ध केलं. ८०० मीटरच्या दहा फेऱ्या, मध्ये तेवढ्याच वेळाची हलकी धाव. प्रत्येक फेरी चार मिनिटांत निघाली तर मॅरेथॉन चार तासांत. मिनिटं आणि तास जुळतात, म्हणून लक्षात राहतं, एवढीच त्यातली जादू. बऱ्याच जणांना ते पाचेक मिनिटांनी खोटी आशा लावतं. आठशेवर हात बसलेल्या बीडच्या पोरांना तर आणखी. त्यांनी याच्या नादी लागू नये.

याहून मोठं गौडबंगाल गोल आकड्यांचं. दोन तासांत हाफ, चार तासांत फुल. दोन्हींचा वेग अर्थातच एकच, किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. हे आकडे कोणाच्या शरीराने ठरवलेले नाहीत, घड्याळाच्या काट्यांनी ठरवलेले आहेत. पण त्यांची ओढ किती, याचा पुरावा आहे. एरिक ॲलन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मॅरेथॉनच्या सुमारे ९८ लाख वेळा पाहिल्या. तीन तास, साडेतीन तास, चार तास यांच्या जरा अलीकडे माणसांचे ढीग साचलेले आणि जरा पलीकडे खड्डे पडलेले दिसले. गोल आकडा शेवटच्या दोन किलोमीटरांत माणसाला पळवतो, हे चांगलंच. तोच आकडा पहिल्या दोन किलोमीटरांतही पळवतो, तिथे घात होतो. ज्याची तयारी २ तास ७ मिनिटांची आहे, त्याने दोन तासांच्या वेगाने सुरुवात केली तर तो २ तास ७ मिनिटांना येत नाही, २ तास २० मिनिटांना येतो.

बीड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे या विषयातलं आपलं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. त्याच्या यशाच्या कहाण्या भरपूर लिहून झाल्यात. मला त्यातले आकडे ओळीने वाचायला जास्त आवडतं. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये गोपाल सैनी यांचा १९८१ चा ८ मिनिटं ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षं टिकला होता. साबळेने तो सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८:२९.८० अशा वेळेने मोडला, म्हणजे जेमतेम एका सेकंदाने. मग मार्च २०१९ मध्ये ८:२८.९४. त्याच वर्षी दोह्याच्या जागतिक स्पर्धेत आधी ८:२५.२३ आणि अंतिम फेरीत ८:२१.३७. २०२१ च्या मार्चमध्ये ८:२०.२०, टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२. २०२२ मध्ये तिरुवनंतपुरमला ८:१६.२१, रबातला ८:१२.४८ आणि बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२०, रौप्यपदक. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकलं. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८:०९.९१.

पहिल्या विक्रमापासून इथपर्यंत सहा वर्षांत साधारण वीस सेकंद. तीन किलोमीटरमध्ये वाटले तर किलोमीटरला साडेसहा सेकंदांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सेकंदाहून जरा जास्त. सैन्यातला पूर्णवेळ धावपटू, पुढे परदेशातलं प्रशिक्षण, उंचावरची शिबिरं, आणि हाती वर्षाला किलोमीटरमागे सेकंदभर. आपल्याकडचा हौशी धावक मात्र एका हिवाळ्यातून दुसऱ्या हिवाळ्यात किलोमीटरला वीस सेकंद कमी होतील असं धरून चालतो. नवख्याची सुधारणा झपाट्याने होते, हे खरं, पहिल्या दोन वर्षांत वीस काय, तीस सेकंदही कमी होतात. पण ती सुधारणा आधी सरावाच्या वेळांत दिसायला हवी. स्पर्धेच्या दिवशी ती पहिल्यांदाच उगवत नाही.

साबळेच्याच आकड्यांत आणखी एक धडा आहे, तो जरा वेगळा. रबातच्या ८:१२.४८ नंतर दीड महिन्याने, जुलै २०२२ मध्ये, ओरेगॉनच्या जागतिक अंतिम फेरीत तो ८:३१.७५ वेळेने अकरावा आला. जवळपास वीस सेकंद जास्त. तो एकटाच ढेपाळला असंही नाही, विजेत्या सुफियान एल बक्कालीची वेळच ८:२५.१३ होती. सगळ्यांनी एकमेकांवर नजर ठेवत संथ धाव घेतली आणि शेवटी झेप घेतली. उलट २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत साबळेने सुरुवातीपासून पुढे राहून ८:१९.५० वेळेत सुवर्ण घेतलं. वेळेसाठी धावणं आणि क्रमांकासाठी धावणं ही दोन वेगळी कामं आहेत. गावच्या बक्षिसाच्या स्पर्धेत उतरणाऱ्याने याचा विचार करावा. त्यावर पुढे येतोच.

साबळे हाफ मॅरेथॉनही धावला आहे. २९ नोव्हेंबर २०२० ला दिल्लीत त्याने १ तास ० मिनिटं ३० सेकंद अशी वेळ दिली. एकसष्ट मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. वेग किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोला केनियाच्या केल्विन किप्टमने पूर्ण मॅरेथॉन २ तास ० मिनिटं ३५ सेकंदांत काढली, तेव्हा त्याचाही वेग साधारण तेवढाच होता, एखाद्या सेकंदाचा फरक. बीडच्या माणसाने जो वेग एकवीस किलोमीटर टिकवला, तोच त्या माणसाने बेचाळीस टिकवला. ‘मी अमुक वेगाने पळतो’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. किती अंतर, हे त्याला जोडलं तरच अर्थ येतो.

किप्टमच्या त्या धावेचे दोन अर्ध पाहा. पहिला ६०:४८, दुसरा ५९:४७. दुसरा अर्ध मिनिटभराने वेगवान. त्याआधीच्या वर्षी बर्लिनमध्ये एलियुड किपचोगे २:०१:०९ वेळेत आला, तेव्हा पहिला अर्ध ५९:५१ आणि दुसरा ६१:१८ होता. दोघेही असामान्य, आणि दोघांच्या दोन अर्धांत फरक सव्वा-दीड मिनिटाच्या आतला. हौशी मॅरेथॉनमध्ये हा फरक वीस-तीस मिनिटांवर जातो. यातही पुरुष जास्त घसरतात. रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या चौदा मॅरेथॉनच्या सुमारे ९२ हजार वेळा तपासल्या, तेव्हा दुसऱ्या अर्धात पुरुष सरासरी १५.६ टक्के मंदावले, स्त्रिया ११.७ टक्के. कारणांत शरीराचाही भाग आहे. पण सुरुवातीला स्वतःबद्दल जरा जास्तच खात्री बाळगायची पुरुषी सवयही त्यात असावी, असं मानायला जागा आहे. सातत्य पाहायचं तर माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर पाहा. ती लांबच्या पल्ल्यावर घडली. २०१५ ला मुंबई मॅरेथॉन तिने २:३८:२१ वेळेत पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६, अंतिम फेरीत ९:२२.७४ अशी धावली. ऑलिंपिकसारख्या ताणाच्या ठिकाणी दोन दिवसांच्या अंतराने दोनदा, तीन सेकंदांच्या फरकाने. आपल्या मुलींसमोर ८०० मीटरच्या पलीकडचं उदाहरण ठेवायचं तर ते हेच.

हवा. हौशी धावक हिशेबात सर्वांत जास्त हिला विसरतात. मॅथ्यू इली आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात आढळलं, की ऊन-उकाडा वाढतो तसे सगळेच मंदावतात, पण मागचे धावक पुढच्यांपेक्षा जास्त. मागचे जास्त वेळ रस्त्यावर असतात, घोळक्यात असतात, आणि सूर्य वर येत असताना धावत असतात. मराठवाड्याची हवा कोरडी. घाम येतो आणि वाळतो, त्याने अंग थंड होतं. मुंबईत जानेवारीतही समुद्राची दमट हवा असते, घाम अंगावरच राहतो. दिंद्रुडला डिसेंबरच्या थंडीत, पहाटे साडेपाचला काढलेलं टायमिंग मुंबईच्या रस्त्यावर तसंच्या तसं निघेल, असं मानू नका. माझा अंदाज सांगायचा तर हाफ मॅरेथॉनला किलोमीटरमागे दहा सेकंद सोडून द्यावेत, दोन तासांहून जास्त लागणार असतील तर पंधरा. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. आदल्या रात्री गाडीने पोहोचणाऱ्याला ती मिळत नाही.

चढाचंही असंच. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय थकल्यावर येतो. नकाशावर तो काहीच नाही, पस्तिशीच्या किलोमीटरांनंतर मात्र भिंत वाटते. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये उलट आहे. आधी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं, मग उतरत परत यायचं. तिथे पहिल्या अर्धाचा वेग मोजून रडणं किंवा उताराचा वेग मोजून हुरळणं, दोन्ही फुकट. चढावर घड्याळाकडे न बघता श्वासाकडे बघावं. दोन शब्द बोलता येत नसतील तर जास्त होतंय.

राहता राहिलं घड्याळ. अधिकृत मोजणीचा रस्ता सायकलच्या चाकाला लावलेल्या यंत्राने, वळणांवर सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात आणि वर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम जास्त धरतात, कमी भरू नये म्हणून. धावणारा माणूस ती रेषा पाळत नाही. गर्दीतून वाट काढतो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळात हाफ मॅरेथॉन २१.३ किलोमीटरची भरणं अगदी नेहमीचं. दोन तासांचं लक्ष्य असलेल्याने घड्याळावर ५:४१ टिकवला तर तो मिनिटभर उशिरा पोहोचतो. त्याला घड्याळावर ५:३८ हवा. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या पाट्यांवर प्रत्यक्ष किती वेळ झाला, ते पाहणं जास्त खात्रीचं. मोठ्या स्पर्धांत ठरावीक वेळेचे झेंडे घेतलेले पेसर असतात, त्यांच्यामागे घोळका धावतो, मुंबईकर त्याला ‘बस’ म्हणतात. एकट्याने वेग सांभाळता न येणाऱ्याला बस फार सोयीची. फक्त आपल्या वेळेची बस पकडावी, आवडत्या वेळेची नव्हे.

मग दिंद्रुडमधल्या, सिंथेटिक ट्रॅक नाही, प्रशिक्षक नाही, अशा माणसाने नेमकं काय करावं? आधी सरळ, सपाट, कमी वाहतुकीचा रस्ता शोधावा. तेलगावचा साखर कारखाना सुरू झाला की मोठ्या रस्त्यांवर पहाटेपासून उसाच्या ट्रॉल्या असतात. अंधारात त्यांच्या बाजूने धावणं म्हणजे जीव धोक्यात घालणं, तेव्हा आतला गावरस्ता बरा. एखाद्या किलोमीटरचा टप्पा दोनदा-तीनदा मोजून पक्का करावा आणि त्यावरच जा-ये करावी. स्पर्धेच्या सहा-सात आठवडे आधी पाच किलोमीटर पूर्ण जोर लावून धावावं. तीन आठवडे आधी दहा किलोमीटर. या दुसऱ्या वेळेवर हाफ मॅरेथॉनचा अंदाज बांधायचा: दहाची वेळ गुणिले २.२. चोपन्न मिनिटं असतील तर दोन तासांच्या जरा आत. साठ असतील तर २ तास १२.

इथवर सूत्र. यानंतर स्वतःला विचारायचं. आठवड्याला तीस किलोमीटरच्या आत पळत असाल तर चार-पाच मिनिटं वाढवा. सर्वांत लांब धाव पंधरा किलोमीटरच्या आत असेल तर आणखी तीन-चार. मुंबईला जाणार असाल तर वर सांगितलेले दहा-पंधरा सेकंद धरा. ही वाढ मी अनुभवावरून सांगतोय, प्रयोगशाळेतून नाही, पण ती चुकली तरी फायद्याच्या बाजूने चुकते. हातात उरलेला दम शेवटच्या पाच किलोमीटरांत खर्च करता येतो, सुरुवातीला उडवलेला परत मिळत नाही. समजा दोन तासांचं लक्ष्य आहे आणि पहिले पाच किलोमीटर ५:४१ ऐवजी ५:२० ने गेले. पावणेदोन मिनिटं कमावली. याची किंमत म्हणून शेवटचे सात किलोमीटर पाऊण मिनिटाने मंदावले, तर सव्वापाच मिनिटं गेली. निव्वळ साडेतीन मिनिटांचा तोटा, आणि ते सात किलोमीटर कसे गेले ते वेगळंच.

काही प्रशिक्षक तीन लक्ष्यं ठेवायला सांगतात: सगळं जमलं तर एक, साधारण दिवस असेल तर दुसरं, दिवस वाईट असेल तर तिसरं. कागदावर ते शहाणपणाचं दिसतं, पण पहिल्या किलोमीटरला प्रत्येकाला आपला दिवस चांगलाच वाटतो. त्यापेक्षा सुरुवातीचा वेग एकच ठरवावा, मधल्या लक्ष्याचा, आणि बाकीचा निर्णय पंधराव्या किलोमीटरला घ्यावा. आयुष्यातली पहिलीच हाफ मॅरेथॉन असेल तर वेळेचं लक्ष्यच ठेवू नये. रकान्यात अडीच तास लिहावेत, म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं सात सेकंद, आणि त्याच वेगाने निघावं. सोळाशेच्या पोराला हा वेग चालल्यासारखा वाटेल. वाटू द्यावा. दहाव्या किलोमीटरनंतर वाढवायची मुभा आहेच.

गावच्या बक्षिसाच्या स्पर्धेला यातलं निम्मं लागू पडत नाही. तिथे वेळ कोणी लिहून घेत नाही, पहिल्या तिघांना रोख बक्षीस असतं. शिट्टी वाजली की भरतीची मुलं पहिले हजार मीटर सोळाशेच्याच वेगाने जातात, आणि पाच किलोमीटरची स्पर्धा तीन किलोमीटरला उलटते. ज्याला स्वतःचं पाच किलोमीटरचं टायमिंग ठाऊक आहे, त्याने पहिल्या किलोमीटरला वीस-पंचवीस मीटर मागे राहायला घाबरू नये. पण पहिल्या दोघांना नजरेआडही होऊ देऊ नये, कारण तिथे घड्याळाला हरवून बक्षीस मिळत नाही, माणसाला हरवून मिळतं.

शेवटी एक विनंती, धावणाऱ्यांना नव्हे, स्पर्धा भरवणाऱ्यांना. जयंतीला, वाढदिवसाला, शाळेच्या वर्धापनदिनाला आपल्याकडे तीन किलोमीटरचीही ‘मॅरेथॉन’ होते आणि अंतर मोटरसायकलच्या मीटरवर मोजलं जातं. नाव काय द्यायचं ते द्या. पण रस्ता आधी नीट मोजा, नेमकं अंतर पोस्टरवर मोठ्या अक्षरात छापा, आणि शेवटच्या रेषेवर पहिल्या तिघांचीच नव्हे, येणाऱ्या प्रत्येकाची वेळ लिहून घ्या. दोन शिक्षक, एक वही आणि एक मोबाइल एवढं पुरतं. दिंद्रुडच्या मुलाला पाच किलोमीटरचं खरं टायमिंग गावातच मिळालं, तर दहाचा अंदाज तो स्वतः काढेल.